साखरपुड्याची अंगठी ऑनलाइन घेताय? आधी एवढं ताडून बघा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी 29 वर्षांचा, मूळ बार्शीचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. फेब्रुवारीत माझा साखरपुडा आहे. होणाऱ्या बायकोला एका हिऱ्याची अंगठी द्यायची आहे. तिला आवडलेली सगळी डिझाइन्स ऑनलाइनच आहेत. शोधून शोधून तीन अंगठ्यांवर येऊन थांबलोय. एका मोठ्या कंपनीच्या साइटवर 0.40 कॅरेटचा नैसर्गिक हिरा, 1 लाख 18 हजार. दुसरीकडे 1 कॅरेटचा लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, 82 हजार. आणि इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवर 1 कॅरेटचंच ‘सर्टिफाइड सॉलिटेअर’, 19,999. हाताशी 85 हजार आहेत, वरचे क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेईन म्हणतो. वडिलांचं म्हणणं, हिरा डोळ्यांनी बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो, आपल्या सराफाकडेच चल. आत्या म्हणते, हिरा सगळ्यांना लाभत नाही, आधी तीन दिवस जवळ ठेवून बघावा लागतो. ऑनलाइन घेऊ की नको? फसलो तर लोक काय म्हणतील या विचारानं झोप लागत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर

तुमच्या यादीतली तिसरी अंगठी आधी निकालात काढू, म्हणजे उरलेल्या दोन्हींवर नीट बोलता येईल. वीस हजारांत 1 कॅरेटचा हिरा सोन्यात बसवून मिळतो, हे गणितच जमत नाही. अशा अंगठीला साधारण तीन ग्रॅम सोनं लागतं. आजचा 18 कॅरेट सोन्याचा भाव बघा (सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन) आणि तीननं गुणा. नुसत्या सोन्याचेच पैसे वीस हजारांच्या वर जातात. हिरा काय फुकट देणार?

अशा पेजवर जे मिळतं ते बहुधा चांदीच्या अंगठीतलं मॉइसनाइट असतं. सिलिकॉन कार्बाइडचा हा खडा चमकतो झकास, टणकही असतो, आणि दुकानातल्या साध्या डायमंड टेस्टरवर हिरा म्हणून पासही होतो. तो टेस्टर फक्त खड्यातून उष्णता किती झपाट्यानं वाहते एवढंच तपासतो, आणि त्या बाबतीत हे दोघं जवळजवळचे. त्यामुळे पेजवर टेस्टर वाजतानाचा व्हिडिओ टाकला असेल तर त्यावर जाऊ नका. सोबतच्या कार्डावर पुष्कळदा ‘जीआरए’ असं लिहिलेलं असतं आणि घाईत माणूस ते ‘जीआयए’ (हिरे तपासणारी नामांकित प्रयोगशाळा) वाचतो. मॉइसनाइट म्हणून सांगून, मॉइसनाइटच्या भावात विकलं तर ते घ्यायला काहीच हरकत नाही. हिरा म्हणून विकणं मात्र सरळ फसवणूक आहे.

आता वडिलांचा मुद्दा. त्यांची काळजी मला शंभर टक्के पटते. फक्त डोळ्यांवरचा त्यांचा भरवसा मला जास्त वाटतो. सराफाच्या पेढीवर काचेच्या पेटीवर जे दिवे सोडलेले असतात ना, त्यांच्याखाली सगळंच झळाळतं. एफ रंगाचा, म्हणजे रंगहीन श्रेणीतला हिरा आणि त्याहून किंचित पिवळसर एच रंगाचा हिरा अंगठीत बसवून समोर धरले, तर तुम्हाला-मला त्यातला फरक सांगता येणार नाही. नैसर्गिक आणि लॅबग्रोन यांतला फरक तर जन्मभर हिरे हाताळलेल्या जाणकारालाही नुसत्या भिंगानं ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतली यंत्रंच लागतात. म्हणजे बार्शीच्या पेढीवर बसूनसुद्धा वडील हिरा डोळ्यांनी पारखत नाहीत. ते विश्वास ठेवतात तो माणसावर. उद्या काही उणंदुणं निघालं तर हा आपला सराफ तोंड फिरवणार नाही, हा तो विश्वास. ऑनलाइनमध्ये तो माणूस नसतो, म्हणून त्याच्या जागी चार गोष्टी उभ्या कराव्या लागतात: हिऱ्याचा रिपोर्ट, सोन्याचा हॉलमार्क, नीट लिहिलेलं बिल आणि परतीची मुदत. या चारही पक्क्या असतील तर खुशाल ऑनलाइन घ्या. एक जरी डळमळीत असेल तर डिझाइन कितीही सुरेख असो, सोडून द्या.

सर्वांत आधी रिपोर्ट. हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आपल्याकडे मुख्यतः दोन नावं चालतात: जीआयए आणि आयजीआय. दोघांच्याही वेबसाइटवर रिपोर्टचा क्रमांक टाकला की त्या हिऱ्याची सगळी माहिती समोर येते. पण ती वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा. विक्रेत्यानं पाठवलेल्या फोटोवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, तो हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावरही नेऊ शकतो. मग साइटवरचं वर्णन आणि रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. वजन दशांशानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत, मिलिमीटरमधली मापं, रंग, क्लॅरिटी (हिरा आतून किती निर्दोष आहे), आणि हिरा नैसर्गिक की लॅबग्रोन. आयजीआयच्या लॅबग्रोन रिपोर्टचा क्रमांक ‘एलजी’ या अक्षरांनी सुरू होतो, तेवढं लक्षात ठेवा.

इथं एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दागिन्याबरोबर एटीएम कार्डाएवढं एक छोटं कार्ड देतात. त्यावर रंग ‘जीएच’, क्लॅरिटी ‘व्हीएस-एसआय’ असं दोन-दोन श्रेणी जोडून मोघम लिहिलेलं असतं. तो बसवलेल्या दागिन्याचा रिपोर्ट. बारीकबारीक हिऱ्यांच्या झुमक्यांना तो ठीक आहे. तुम्ही एकाच हिऱ्यासाठी एवढे पैसे मोजताय, तर त्या हिऱ्याचा सुटा असताना केलेला रिपोर्ट मागा. कोंदणात बसल्यावर हिऱ्याचं वजन आणि रंग नेमका ठरवता येत नाही, कारण सोन्याची छटा त्यात उतरते आणि खालची बाजू झाकली जाते.

खरा रिपोर्ट दुसऱ्याच हिऱ्याला जोडला तर काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर विचाराल. त्यासाठी हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे वरचे आणि खालचे पैलू जिथं भेटतात त्या पट्ट्यावर, लेझरनं रिपोर्टचा क्रमांक कोरलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, अंगठी थोडी तिरकी धरून सावकाश फिरवली की करड्या रेघेसारखे आकडे दिसू लागतात. सगळ्याच हिऱ्यांवर ते कोरलेले नसतात, म्हणून रिपोर्टवर तशी नोंद आहे का ते आधी बघा, आणि नसेल तर तो हिरा घेऊ नका. ऑर्डर देतानाच कंपनीला कळवा की क्रमांक प्रॉन्गच्या खाली झाकला जाता कामा नये. प्रॉन्ग म्हणजे हिऱ्याला धरून ठेवणारी ती सोन्याची चिमुकली नखं. चांगली कंपनी हे ऐकते.

कोणता हिरा निवडायचा याबद्दल दुकानात एकच घोष ऐकू येतो: ‘ईएफ, व्हीव्हीएस घ्या’, म्हणजे रंग आणि क्लॅरिटी दोन्ही वरच्या श्रेणीतल्या. मी तुम्हाला तसं सांगणार नाही. पैसे घालायचे असतील तर आधी कटवर घाला. रंग आणि क्लॅरिटी निसर्गाकडून किंवा यंत्रातून येते, पण प्रकाश आत शिरून परत डोळ्यांकडे यावा असे पैलू पाडणं हे कारागिराचं काम. त्यावरच हिरा जिवंत दिसतो की काचेसारखा, हे ठरतं. गोल हिऱ्याला रिपोर्टवर कटची श्रेणी दिलेली असते, तिथं ‘एक्सलंट’ हवं (आयजीआयच्या रिपोर्टवर ‘आयडियल’ही असतं). मग मापं बघा. नीट पैलू पाडलेला 0.40 कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण 4.7 ते 4.8 मिलिमीटरचा भरतो. रिपोर्टवर 4.5 दिसत असेल तर वजन खाली पोटात दडलंय. पैसे 0.40 चे जाणार आणि बोटात दिसणार त्याहून लहान. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर जी किंवा एच रंग पुरे. क्लॅरिटी व्हीएस2 पर्यंत गेलात तरी नुसत्या डोळ्यांना आत काही दिसत नाही. त्याहून वरच्या श्रेणीसाठीचा खर्च फक्त भिंगाला दिसणाऱ्या शुद्धतेचा असतो.

भावाचीही एक गंमत आहे. हिऱ्याचे दर वजनाच्या टप्प्यांनी चढतात आणि 0.40 ला एक नवा टप्पा सुरू होतो. म्हणून त्याच साइटवर 0.38 किंवा 0.39 चा हिरा शोधून बघा. व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही फरक पडत नाही, किंमत मात्र खाली येते.

साइटवरच्या फोटोत हिरा अख्खा स्क्रीन भरून असतो, त्यामुळे प्रत्यक्षात पुडी उघडल्यावर पुष्कळांचा चेहरा उतरतो. 0.40 चा हिरा म्हणजे काळ्या मिरीच्या दाण्याएवढा. 1 कॅरेटचा गोल हिरा 6.5 मिलिमीटरचा. पट्टीनं कागदावर दोन्ही गोल काढा, कापा, आणि तिच्या बोटावर ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

ते करताना ती शेजारी असू दे, कारण नैसर्गिक की लॅबग्रोन हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. लॅबग्रोन म्हणजे खोटा हिरा नव्हे. तोही कार्बनच, तीच रचना, तोच टणकपणा. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन किंवा वायूमधून थरावर थर चढवून तो काही आठवड्यांत वाढवतात, आणि सुरतेत त्याचे मोठे कारखाने आहेत. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला 7.5 कॅरेटचा जो हिरा भेट दिला, तो लॅबग्रोनच होता. फरक आहे तो भावाचा. लॅबग्रोनचे भाव गेल्या काही वर्षांत जोरात घसरले आहेत, त्यामुळे तो परत विकून फारसं काही हाती येईल असं धरूच नका. नैसर्गिक हिरासुद्धा मोडायला गेलात तर सोन्यासारखा भाव देत नाही. घडणावळ आणि जीएसटी तर दोन्हीकडे गेलेलेच असतात. तेव्हा हिरा गुंतवणूक म्हणून कुणी तुम्हाला विकायला बघत असेल तर तिथं थांबा.

माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत मी लॅबग्रोनकडे झुकेन, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे: हप्ते. संसार सुरू व्हायच्या आधी अंगठीचं कर्ज डोक्यावर घेऊ नका. लग्नाचा खर्च, घराचं डिपॉझिट हे सगळं पुढं उभंच आहे, आणि तिलाही त्या हप्त्यांचा भार वाहावा लागेल. 82 हजारांची अंगठी तुमच्या 85 हजारांत बसते. तिला जमिनीतून निघालेलाच हिरा हवा असेल, तर तिच्या त्या भावनेचा मान ठेवून 0.30 चा नैसर्गिक बघा, तोही बोटात नाजूक आणि छान दिसतो. एक मात्र करू नका. लॅबग्रोन घेऊन घरच्यांना नैसर्गिक असल्याचं भासवू नका. साखरपुड्याच्या दिवशी कुणीतरी मावशी हात हातात घेऊन ‘किती कॅरेटचा गं?’ विचारणारच. तिला काय सांगायचं हे तुम्हा दोघांचं आधीच ठरलेलं असू दे आणि ते खरं असू दे.

सोन्याचं तपासणं त्या मानानं सोपं. हिऱ्याला 18 कॅरेट सोनं घ्या, 22 कॅरेट मऊ पडतं आणि प्रॉन्ग सैल होतात. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, 18के750 हा शुद्धतेचा शिक्का, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना यातून सूट आहे, म्हणून अगदी हलकी अंगठी घेणार असाल तर विचारून घ्या. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घेऊन तो क्रमांक टाका. तिथं शुद्धता दिसते तसाच वस्तूचा प्रकारही दिसतो. अंगठीच्या क्रमांकावर ‘साखळी’ आली तर काहीतरी गडबड आहे.

बिलात चार ओळी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. सोन्याचं निव्वळ वजन आणि त्या दिवशीचा दर, हिऱ्याचं वजन-प्रत-किंमत, घडणावळ, आणि 3 टक्के जीएसटी. सोन्याचे पैसे खड्यासकट भरलेल्या वजनावर लावलेले नाहीत ना, हे बघा. हिऱ्याचे 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम. तुमच्या अंगठीत फरक लहानच निघेल, पण जो विक्रेता तेवढ्यातही हात मारतो त्याच्याकडून बाकीचं काय अपेक्षिणार? ‘घडणावळीवर 50 टक्के सूट’ असली जाहिरात दिसली की सूट बाजूला ठेवा आणि दोन्हीकडची शेवटची रक्कम समोरासमोर लिहून तुलना करा. हिऱ्याची किंमत फुगवून घडणावळ माफ करणं ही जुनी युक्ती आहे. रिपोर्टचा क्रमांक आणि ‘लॅबग्रोन’ किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द बिलावर छापलेला हवाच.

परतीच्या अटी मात्र ऑर्डरच्या आधी शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रिटर्न, एक्सचेंज आणि बायबॅक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या मुद्दाम एकत्र कालवतात. रिटर्नमध्ये पैसे खात्यात परत येतात, एक्सचेंजमध्ये त्यांच्याकडूनच दुसरं काही घ्यावं लागतं, आणि बायबॅकमध्ये त्यांनी ठरवलेली कपात होते. तुम्हाला हवं ते रिटर्न, आणि तेही पैशांत. मुदत ऑर्डरपासून मोजतात की अंगठी हातात पडल्यापासून? परत पाठवताना विमा कुणाचा? माप बदललेली किंवा नाव कोरलेली अंगठी पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत, हेही तिथंच बारीक अक्षरात असतं. उत्तरं ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या गोड बोलण्यावर राहू नका.

पैसे कंपनीच्या नावावरच जाऊ द्यात, कुणाच्या खासगी यूपीआय नंबरवर नाही. क्रेडिट कार्डानं भरले तर माल चुकीचा आल्यास बँकेकडे त्या व्यवहाराला हरकत घेता येते, म्हणून कार्ड वापरा, पण महिन्याचं बिल पूर्ण भरून टाका.

अंगठी घरी येईल त्या दिवशी वडिलांना जवळ बसवा. पाकिटाचं सील फाटलेलं असेल तर डिलिव्हरीचा ओटीपी देऊ नका. सील शाबूत असेल तर लेबलपासून अंगठी बाहेर येईपर्यंतचा एकसलग व्हिडिओ काढा. आणि मग वडील म्हणतात तसं करा: तीच अंगठी घेऊन त्यांच्या सराफाकडे जा. तो ती काट्यावर तोलेल, भिंगाखाली क्रमांक वाचेल, प्रॉन्ग हलतात का ते सुईच्या टोकानं बघेल. वडिलांचा डोळा आणि सराफाचा अनुभव दोन्ही इथं खरंच कामाला येतात, कारण आता ताडून बघायला समोर रिपोर्ट आहे आणि परत करायला दिवस शिल्लक आहेत. आत्याबाईंचे तीन दिवसही त्याच मुदतीत आरामात बसतात. त्यांच्या मनाचं समाधान होऊ द्या.

काही बिनसलंच तर घाबरू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असावंच लागतं. त्या अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची असते. इन्स्टाग्रामवरच्या त्या पेजवर यातलं काय सापडतं बघा बरं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, तुम्ही राहता त्या पुण्यातच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला तर मात्र वेळ न दवडता 1930 वर सायबर तक्रार नोंदवा, पहिले काही तास फार मोलाचे असतात.

राहता राहिलं माप. तिची त्याच बोटातली नेहमीची अंगठी मिळाली तर उत्तम. नाहीतर दोऱ्यानं बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून 40 वजा करा, ते आपलं भारतीय माप. 52 मिलिमीटर घेर म्हणजे 12 नंबर. थंडीतल्या सकाळी बोट बारीक असतं, म्हणून संध्याकाळी मोजा आणि अंगठी पेरावरून सरकेल एवढी ढील धरा. साइटवर अमेरिकन माप तर मागत नाहीत ना, तेही बघा, त्यांचे आकडे निराळे असतात.

ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापर्यंत देऊन टाका. बऱ्याच कंपन्या ऑर्डर आल्यावर अंगठी घडवतात, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. आतून तारीख कोरून घ्यायची हौस असेल तर परतीची मुदत संपेपर्यंत थांबा, आणि ते काम बार्शीच्या सराफाकडेच द्या. वडिलांनाच सांगा करून आणायला.